डावीकडचे दोन दांडे

सोमवार, १ डिसेंबर

डी विंगमध्ये टेबल फुटबॉल खेळणारे कोणी 'काका' राहत नाहीत. ए, बी, सी मध्येही नाहीत. भाडेकरूंतही नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई यांनी आज संध्याकाळी साडेसातला रजिस्टर समोर ठेवून हे सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पानं उलटली. नाहीत.

निमित्त साधं. २५ तारखेच्या सुट्टीला खेळाच्या खोलीत स्पर्धा ठेवलीय, आठ जोड्यांची. पोरं मोबाइल खिडकीत ठेवून टेबलाभोवती रांगेत उभी राहतात हे बघून शहाभाईंनाच सुचलेली. यादी लिहायचं काम माझ्याकडे, कारण "आप तो पेपरवाले". मी आमची जोडी लिहिली : सामंत (ए-४०२) आणि काका (डी).

"काका कोण? फ्लॅट नंबर लिखो ने, सामंतसाहेब."

नंबर मला माहीत नव्हता. नावही नव्हतं. जुलैपासून सोमवार ते शुक्रवार, सहा ते सात, आम्ही एका बाजूने खेळतोय. बाजूला चार दांडे, त्यांवर ओवलेले छोटे खेळाडू : पुढचे दोन दांडे माझे, मागचे दोन त्याचे. माझ्या डाव्या खांद्याला लागून उभा असतो.

आज आला नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

आजही नाही.

समोरच्या जोडीला विचारलं. एक महाडिक. चाळिशीचा, मूळ रत्नागिरीकडचा, काशीमीऱ्याच्या गोदामात दिवसभर पडद्यावर पार्सलं इकडून तिकडे करतो. दुसऱ्या राणेबाई. गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. पडद्यावरच्या तीस चौकोनांतले वीस कॅमेरा बंद असल्याने काळे असतात, त्या काळ्या चौकोनांना त्या अपूर्णांक शिकवतात.

महाडिक : "तुमचा दोस्त ना तो? तुमच्याच बाजूला असतो."

राणेबाई : "मला वाटलं महाडिकांकडचे. बॉल खाली गेला की ह्यांना काढून देतात ना नेहमी."

मी म्हटलं, मी तर डी विंग समजत होतो.

"डी विंग कोणी सांगितलं?" राणेबाईंनी विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. तिघांनाही डी विंग माहीत होतं आणि तिघांनाही ते दुसऱ्याकडून कळलं होतं.

मग चेहरा. महाडिक म्हणाला मिशी आहे, बारीक. राणेबाई म्हणाल्या छे, मिशी असती तर मला आठवली असती, पण चष्मा आहे. मला दोन्ही आठवेना. वय? महाडिकच्या मते साठीच्या पुढे. राणेबाईंच्या मते पन्नाशीही नाही. मी त्याला माझ्याच वयाचा धरून चाललो होतो. का, ते सांगता येणार नाही.

"तू तर अगदी समोर उभा असतोस रे," मी महाडिकला म्हटलं.

"अहो, मी त्याच्या गोलकीपरकडे बघतो. तोंडाकडे बघितलं की गोल बसत नाय."

हातांबद्दल मात्र तिघांचं एकमत. नखं मुळापासून कापलेली. डाव्या हाताची करंगळी वाकत नाही, मूठ वळली तरी ताठ राहते. बॉल आत सोडायच्या आधी टेबलाच्या कडेवर दोन टिचक्या. मग समोरच्याने दोन द्यायच्या, म्हणजे तयार. ती पद्धत त्यानेच पाडली. आम्ही ती कधी उचलली, कळलं नाही.

एकतीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली. कोण, कुठला, वय काय, हे विचारल्याशिवाय एक ओळ सोडली नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

दिवसभर काम. पोर्टलवर आता पहिला खर्डा यंत्र लिहितं, मी त्याचं मराठी करतो. तासाला चार. आज एका बातमीत मेलेला माणूस तिसऱ्या परिच्छेदात प्रतिक्रिया देत होता. काढला. साडेपाचपर्यंत डोळ्यांत वाळू.

सु. म्हणते, अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरांचा खेळ. तिला एकदा खाली नेऊन दांडा हातात दिला पाहिजे. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं साधं पटवता आलेलं नाही. दिवसभर मी जे करतो ते मागे घेता येतं. पुसता येतं, बदलता येतं, परत जैसे थे करता येतं. टेबलावर बॉल फळीवर आपटला की ठक् वाजतो आणि झालं. तो गोल कोणी मागे घेऊ शकत नाही. मनगटाला कळतं. हा आवाज ऐकायला मी दिवसभर बसून असतो, असं म्हटलं तरी चालेल. महाडिक वेगळं सांगतो. दिवसभर माल हलवतो पण हाताला वजन लागत नाही, ते इथे लागतं म्हणतो.

आज तिघंच खेळलो. मी चारही दांडे घेतले. मागचे दोन मला येतच नाहीत. पाच महिने त्या बाजूला बघायची गरज पडली नव्हती. अकरा गोल खाल्ले.

मग राणेबाईंनी एक गोष्ट दाखवली. आठ दांड्यांच्या रबरी मुठी. सहा मुठी घासून गुळगुळीत झाल्यात, रंग उडालाय. मागच्या दोन, त्याच्या, कोऱ्या. साच्याच्या रेघासुद्धा तशाच. एकीवर कारखान्याचा पारदर्शक कागद अजून चिकटलेला.

महाडिक : "रुमाल धरायचा ना तो मुठीवर. पांढरा."

राणेबाई : "कधी?"

महाडिक माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, असेल. घरी आल्यावर विचार केला. रुमाल मी पाहिलाय का? की उत्तर हवं होतं म्हणून आत्ता दिसला?

झोपताना आठवलं. गेल्या शुक्रवारी खेळ संपल्यावर दांडे सारखे करताना तो म्हणाला होता, "सामंत, आता नाव विचारतील."

मी हो म्हटलं. स्पर्धेबद्दल म्हणतोय असं वाटलं. पण स्पर्धेचं शहाभाईंनी काढलं रविवारी.

गुरुवार, ४ डिसेंबर

शहाभाईंनी कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं. ऑफिसात ते, मी, महाडिक.

खेळाच्या खोलीत एकच कॅमेरा, दाराच्या वर. टेबल आणि दार यांच्यामध्ये खांब. खांबाने नेमका टेबलाचा डावा कोपरा झाकलाय. चित्रात मी दिसतो. समोर महाडिक, राणेबाई. माझ्या डावीकडे खांब.

खांबाच्या मागून दोन दांडे बाहेर येतात आणि आत जातात. व्यवस्थित. बॉल तिकडे गेला की थांबतात, मग एक झटका, बॉल उजवीकडे माझ्या पायात. खेळाडूच्या पायात म्हणजे. त्या चित्रात मी एकदा डावीकडे वळून काहीतरी बोलतोय, हसतोय. काय बोललो ते आठवत नाही.

"येतो तेव्हाचं दाखवा ना," महाडिक म्हणाला. "दारातून आत येतानाचं."

दारातून तो येत नाही. म्हणजे आम्ही येतो, पोरं येतात-जातात, आणि कधीतरी दांडे हलायला लागलेले असतात. शहाभाई म्हणाले, दाराखालचा भाग कॅमेऱ्यात येतच नाही, भिंतीलगत चालत गेलं तर कोण दिसणार? बरोबर आहे. मीही उठून बघितलं. भिंतीलगत गेलं तर नाही दिसत.

२८ नोव्हेंबर लावलं. पाच चाळीस. खोली रिकामी, दिवा बंद, खिडकीतून थोडा उजेड. दांडे हलताहेत. हळू. एक आत, एक बाहेर. सराव केल्यासारखे.

"जल्दी आया होगा," शहाभाई.

महाडिकने गेटच्या ॲपवरची त्या दिवसाची नोंद विचारली. शहाभाईंनी फोनवर काढली. पाहुणा, पाच बावन्न.

शहाभाईंनी क्षणभर फोनकडे बघितलं, क्षणभर पडद्याकडे. "कॅमेरा का टाइम आगे-पीछे है. टेक्निशियनला बोलवायचाच आहे."

असेल. मी वहीत तसं टिपलं : घड्याळ चुकीचं (शहा). खात्री बाकी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आता प्रकरण रामसुरतवर आलंय.

रामसुरत म्हणजे संध्याकाळचा वॉचमन. अकरा वर्षं इथे. पंपाच्या खोलीमागे एका खोलीत राहतो, बायको आणि मुलगी. मुलीची यंदा बारावी. कमिटीने ठरवलंय की अनोळखी माणूस पाच महिने आत येतोय म्हणजे वॉचमनचा दोष. रविवारी निर्णय. काढला तर खोलीही जाणार, महिन्याच्या आत.

दुपारी तोच वर आला. दारातच उभा राहिला.

"साहब, मैंने एक दिन भी बिना पूछे नहीं छोड़ा. मोबाइल में देख लीजिए आप."

बघितलं. गेटवर कोणी आलं की वॉचमन फोटो काढतो, आपल्या मोबाइलवर विचारणा येते, आपण 'हो' दाबलं की माणूस आत. सगळ्यांकडे असतं. दिवसाला दहा वेळा टिंग होतं : कुरिअर, भाजी, इस्त्रीवाला, पाणी.

नोंदी आहेत. रोज पाच पन्नासच्या आसपास. पाहुणा. कुणाकडे : कधी सामंत ए-४०२, कधी महाडिक, कधी राणे. परवानगी : दिली. विचारणा आल्यापासून दोन-तीन सेकंदांत.

म्हणजे आम्हीच. आळीपाळीने. पाच पन्नासला मी शेवटची बातमी ढकलत असतो. टिंग झालं की अंगठा जातो. न बघता. मला त्यातली एकही वेळ आठवत नाही. नोव्हेंबरात एक दिवस मी भाचीच्या लग्नाला महाडला होतो. मांडवातून परवानगी दिलीय.

खाली जाऊन महाडिकला दाखवलं. त्याने नोंदी खालपर्यंत सरकवल्या. मग म्हणाला, "गोदामात पण असंच होतं हो. पडद्यावर हिरवं दिसलं की माल सोडायचा. पेटी कोण बघतो."

मग फोटो. ॲप महिन्याभराचेच ठेवतं. अठरा निघाले. सगळ्यांत तळहात. डावा. करंगळी ताठ.

रामसुरतला विचारलं, चेहऱ्याचा का नाही काढला?

"वो हाथ आगे कर देते थे. बोलते, फोटो हाथ का ले लो, साहब लोग पहचान लेंगे. और आप लोग तो पहचानते थे न? रोज हाँ आ जाता था."

अठरा फोटो ओळीने बघू नयेत. मी बघितले. पहिल्यात हाताच्या मागे गेट दिसतं, रस्ता, थांबलेली रिक्षा. चौथ्या-पाचव्यात रिक्षा नाही, गेटची एक पट्टी. नंतर बोटांच्या फटीतून थोडं आभाळ. शेवटच्या तीन-चारांत फक्त कातडी आणि रेषा, कडेपासून कडेपर्यंत.

राणेबाईंनी तीनच बघितले आणि माझा मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

शनिवार, ६ डिसेंबर

सुट्टी. रामसुरतच्या म्हणण्याप्रमाणे तो चालत यायचा, नवघर गावाच्या बाजूने. रिक्षा नाही, गाडी नाही. सकाळी दहाला निघालो.

आमच्या टॉवरपासून सात मिनिटं. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून आत गेलं की एकदम कौलं, तुळशी, दारात वाळत घातलेली जाळी. इथे राहून नऊ वर्षं झाली, आज दुसऱ्यांदा गेलो असेन. तिघाचौघांना विचारलं. सगळ्यांनी आधी विचारलं, दिसतो कसा? मी करंगळीचं सांगितलं. लोक माझ्याकडे बघत राहिले.

एक म्हातारी ओट्यावर वाल सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यान कोन न्हाय तसा," ती म्हणाली. मग, "पाच म्हयने बाजूला उभा व्हता नि तू त्याचं त्वांड न्हाय बगलास?"

"खेळात लक्ष असायचं आजी."

"आनि तो कंदी तुजं बगायचा का?"

 तिने दोन वालाच्या शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "हाय तर हाय म्हन, न्हायतर न्हाय म्हन. मंदीच उभा ऱ्हाऊ नको."

परत येताना शहाभाई गेटवर भेटले. बाजूला घेतलं. चांगल्या शब्दांत बोलले, मुद्दाम दुष्टपणा नाही.

"सामंतसाहेब, तुमच्याकडून दोन लाइन पाहिजे. वॉचमनने अनोळखी माणसाला आत सोडला. बस. खोटं काय आहे यात?"

"परवानगी आम्ही दिली होती."

"ते लिहायची गरज काय? एकदा लिहिलं की तुमच्या घरचा पाहुणा झाला. मग पोलिसात द्यायचं झालं तर नाव तुमचं. टेबलही काढायला लागेल, लोक ऐकणार नाहीत. उद्या अकरापर्यंत द्या."

दोन ओळी. एकही शब्द चुकीचा नाही. माझ्या धंद्यात असं वाक्य ओळखायला शिकवतात, आणि लिहायलाही.

घरी सु.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"ज्याचं नाव माहीत नाही त्याला घरचा पाहुणा म्हणून लिहून देणार तू?"

"दिलंच आहे. रोज दिलंय."

"दाबलंयस. लिहिलं नाहीस अजून." भाकरी तव्यावर टाकली. "पोलीस दारात आले तर चहा मी करणार नाही, सांगून ठेवते." थोड्या वेळाने, पाठमोरीच : "त्याच्या पोरीची परीक्षा कधी आहे?"

फेब्रुवारीत, म्हटलं.

रविवार, ७ डिसेंबर

दहा चाळीसला निवेदन दिलं. हाताने लिहिलं, एक पान. कोणत्या महिन्यापासून, किती वाजता, परवानगी कोणी दिली. पहिलं नाव माझं. खाली महाडिकची आणि राणेबाईंची सही. राणेबाईंनी सही करण्याआधी दोनदा वाचलं आणि 'बहुधा' हा शब्द खोडला. तिथे तो नकोच होता.

शहाभाईंनी वाचलं. मग जे बोलले त्याची मला कल्पना नव्हती.

"परवानगी तुम्ही दिली, ठीक. पण कोणाला? तुम्ही तिघं एक चेहरा सांगू शकत नाही. एक बोलते चष्मा, एक बोलतो मिशी. कॅमेऱ्यात माणूस नाही. मग माणूस आहे कुठे? मी सांगू? माणूसच नाही. एन्ट्री खोटी. रामसुरतने स्वतःच्या हाताचे फोटो काढून टाकले."

"कशासाठी?" महाडिक भडकला. "त्याला काय मेडल भेटणार होतं? आणि दांडे कोण हलवत होतं, शहाभाई?"

"तुम्ही चार जण बोलता, मला तीन दिसतात. मी काय करू?"

रामसुरतला आत बोलावलं. शेवटचा फोटो टॅबवर मोठा केला आणि त्याला डावा हात शेजारी ठेवायला सांगितलं. ऑफिसात कमिटीचे सात जण. रामसुरतने हात पँटला पुसला आणि ठेवला.  त्याच्या तळहाताला घट्टे आहेत, करंगळी वाकते, वाकवून दाखवली.

"फोटोत ताठ धरली असेल," कोणीतरी म्हणालं.

मला राहवलं नाही. मी माझा हात ठेवला. मग महाडिकने. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत कोणाचाही हात कोणासारखाही दिसतो. माझा बऱ्यापैकी दिसला. शहाभाईंनी टॅब बंद केला.

शेवटी ठरलं ते असं. उद्या सोमवार. सहा वाजता आम्ही तिघांनी नेहमीसारखं खेळायचं. शहाभाई स्वतः खांबापाशी उभे राहणार, सगळं दिसेल असे. माणूस आला, उजेडात उभा राहिला, नाव सांगितलं, तर तो आमचा पाहुणा, पुढचं आम्ही बघायचं, रामसुरत मोकळा. नाही आला तर एन्ट्री खोटी आणि रामसुरतने महिनाअखेर खोली सोडायची.

बाहेर आल्यावर रामसुरत म्हणाला, "वो आएँगे साहब. इतने दिन से आ रहे हैं."

मी म्हटलं, गेला आठवडा नाही आले.

"आए थे."

मी थांबलो.

"रोज आए थे. साढ़े पाँच के बाद. गेट पर खड़े रहे. सोमवार को खुद ही बोले, आज मत डालो. फिर मैंने ही मोबाइल में नहीं डाला, आप लोगों में झमेला चल रहा था इसलिए. बोला, अभी साहब लोग नाराज हैं. तो बोले ठीक है, और चले गए."

"चेहरा कसा आहे रे त्याचा?"

रामसुरतने खरोखर विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नाही.

"हाथ ही सामने रहता है न, साहब."

हे शहाभाईंना सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही, आणि रामसुरतचंच वाईट होईल. महाडिकला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण तिघं खेळत होतो तेव्हा तो गेटवर उभा होता?" मी हो म्हटलं. त्याने सिगारेट सोडलीय. आज एक मागितली. माझ्याकडे नव्हती.

सोमवार, ८ डिसेंबर, दुपार

सकाळपासून नऊ बातम्या. हात चालतो.

महाडिकने हाफ डे घेतलाय. राणेबाईंनी सहाचा वर्ग पुढे ढकललाय. पोरांना आज खोलीत मनाई. शहाभाईंनी सगळे दिवे लावून ठेवायला सांगितलेत, खांबावर एक जादा ट्यूबही बसवलीय, वायर लोंबतेय. स्पर्धेची यादी काचेवर तशीच. माझ्या नावापुढे शहाभाईंनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय.

रामसुरतला सांगितलंय, आज आला तर नोंद टाक. विचारणा माझ्याकडे पाठव. मी चष्मा लावून, नीट बघून, मग दाबणार.

सु.ने विचारलं, तो यावा असं वाटतंय का तुला?

यायला हवा, म्हटलं. एका घराचा प्रश्न आहे.

"ते नाही विचारलं."

नाही आला तर तीन माणसांचं कुटुंब रस्त्यावर आणि आम्ही तिघं सुटलो. आला तर मला डावीकडे मान वळवून बघावं लागेल, पाच महिन्यांत पहिल्यांदा, भर उजेडात. दोन्हींची तयारी केलीय. विचारायचे प्रश्न कागदावर उतरवलेत, मुलाखतीला जाताना उतरवायचो तसे. पूर्ण नाव. राहणार. वय. डी विंग कोणी सांगितलं. मला 'सामंत' म्हणतो ते कुणाचं ऐकून. आणि गेला आठवडाभर गेटवरून परत जाऊन कुठे थांबत होता.

पाच पस्तीस. लॅपटॉप बंद केला. मोबाइल आवाज मोठा करून समोर ठेवलाय.

पाच पन्नासला खाली उतरायचं. राणेबाई बॉल सोडतील. मागचे दोन दांडे मी धरायचे नाहीत, असं ठरलंय.